दोन शहरांमधले अंतर: एका आकड्याची अंधश्रद्धा

दिल्लीहून चेन्नईपेक्षा ताश्कंद जवळ आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजले तर दिल्ली ते ताश्कंद हे अंतर सुमारे 1,580 किलोमीटर भरते आणि दिल्ली ते चेन्नई सुमारे 1,760 किलोमीटर. तरीही 2025 च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस इंडिगो कंपनीने दिल्ली–ताश्कंद आणि दिल्ली–अल्माटी या विमानसेवा थांबवल्या. पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली होती आणि त्यामुळे ही दोन्ही शहरे कंपनीच्या ताफ्यातील विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली होती. चेन्नईची विमाने मात्र नेहमीप्रमाणे उडत राहिली.

त्या आठवड्यात ताश्कंद जागचे हलले नव्हते. पृथ्वीही ताणली गेली नव्हती. अक्षांश तेच, रेखांश तेच. मग जवळचे शहर आवाक्याबाहेर आणि दूरचे शहर आवाक्यात, हे कसे झाले? उत्तर अगदी साधे आहे. दोन शहरांमधले ‘अंतर’ म्हणून जो आकडा शाळेत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि समाजमाध्यमांवरच्या ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाच्या चित्रांत फिरतो, तो विमानाच्या प्रवासाविषयी फार थोडे सांगतो. त्याच्या शेजारी छापलेला ‘विमानाने लागणारा वेळ’ तर त्याहूनही थोडे सांगतो.

या आकड्यांवरची श्रद्धा ही आधुनिक काळातली एक सुशिक्षित अंधश्रद्धा आहे. तिला गंडेदोरे लागत नाहीत, दशांश चिन्ह पुरते. ‘अंतर 1,138.42 किमी, वेळ 1 तास 22 मिनिटे’ असे लिहिले की वाचणाऱ्याचा हात आपोआप जोडला जातो. अंतर कुठून कुठपर्यंत, कोणत्या वाटेने. वेळ कोणत्या ऋतूत, कोणत्या दिशेला, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, हे कोणी विचारत नाही. ज्या आकड्याला हे प्रश्न विचारले जात नाहीत, तो आकडा विज्ञानाच्या नावावर खपवू नये.

एक अंतर की चार?

मुंबई आणि दिल्ली हे देशातले सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एकाचे दोन टोक. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे राजधानी एक्स्प्रेसचे अंतर 1,384 किलोमीटर आहे. रस्त्याने जाणाऱ्याला साधारण 1,400 किलोमीटर कापावे लागतात. दोन्ही शहरांच्या जुन्या विमानतळांमध्ये पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेले सर्वांत कमी अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. प्रत्यक्ष विमान जे अंतर कापते, ते या चौघांत वेगळेच आणि रोज थोडे निराळे असते.

यातले ‘खरे’ अंतर कोणते? प्रत्येक खरे आहे, पण प्रत्येक एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवल्यामुळे.

शिवाय ‘शहरापासून’ म्हणजे नेमके कुठून, हा प्रश्न उरतोच. ‘गोव्याचे विमान’ असे सहज म्हटले जाते. पण 2023 च्या जानेवारीपासून गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ चालू आहेत. एक दक्षिणेकडे मुरगावजवळ, दुसरा उत्तरेला पेडणे तालुक्यात. मुंबईहून निघालेल्यासाठी हे दोन वेगळे आकडे आहेत. दशांश चिन्हानंतरचे दोन अंक मिरवणारे गणित कोणत्या गोव्याचे आहे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

दशांशाची गोष्ट निघालीच आहे तर एक गोष्ट स्पष्ट असावी. हे आकडे काढणारी बहुतेक सूत्रे पृथ्वीला 6,371 किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल मानतात. प्रत्यक्षात विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे 6,378 किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडची सुमारे 6,357 किलोमीटर. या चपटेपणाकडे दुर्लक्ष केले तर उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते. हजार किलोमीटरमागे पाच किलोमीटर. ज्या गणिताच्या पोटातच काही किलोमीटरची अनिश्चितता आहे, त्याने दहा मीटरपर्यंतची अचूकता मिरवणे याला ढोंग म्हणतात.

सपाट नकाशाचे संस्कार

अंतराच्या गैरसमजाचे मूळ वर्गाच्या भिंतीवर टांगलेले असते. सपाट नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांना पट्टीने जोडले की रेषा उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. नकाशाच्या मधोमध पॅसिफिक ठेवला तर ती चीन, जपान आणि त्या महासागरावरून जाते. सर्वांत जवळची वाट या दोन्हींपैकी कोणतीच नाही. दिल्ली 77 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को 122 अंश पश्चिम रेखांशावर. दोघांच्या रेखांशांत जवळजवळ 160 अंशांचा फरक आहे. म्हणजे ती पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध बाजूंना आहेत. त्यांना जोडणारी सर्वांत लहान वाट उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाते आणि ती सुमारे 12,370 किलोमीटर भरते.

गोलावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या या सर्वांत लहान वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहद्वृत्त. पृथ्वीचा गोल आणि सुतळीचा एक तुकडा एवढ्या सामग्रीत हा सिद्धांत चौथीच्या मुलालाही दाखवता येतो: सुतळी दोन शहरांवर धरावी आणि ताणावी, ती आपोआप त्या वाटेवर बसते. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरीही असंख्य विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतात आणि विमानाचा मार्ग नकाशावर वाकडा का दिसतो, याचे उत्तर त्यांना देता येत नाही.

ज्या देशात भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धान्तशिरोमणी’चा एक संपूर्ण भाग गोलाच्या विचाराला वाहिला, ज्या देशात 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले आणि राधानाथ सिकदारांसारख्या गणितज्ञाने हिमालयाच्या शिखरांच्या उंचीची आकडेमोड केली, त्या देशात ही स्थिती आहे. पूर्वजांच्या गोलाध्यायाचा अभिमान भाषणात आणि वर्गात मात्र सपाट कागद, ही विसंगती कोणालाच खुपत नाही.

लांबची वाट लवकर पोहोचवते

अंतर कळले की वेळ कळतो, ही दुसरी श्रद्धा. तिला एअर इंडियाच्याच एका मार्गाने धक्का दिला होता.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विनाथांबा सेवा 2015 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. आरंभी विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे 13,900 किलोमीटरची होती. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिशाच उलटवली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. ही वाट सुमारे 15,300 किलोमीटरची, म्हणजे 1,400 किलोमीटरने लांब. वरवर पाहता शुद्ध द्राविडी प्राणायाम. तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास वाचले. कारण पश्चिमेकडे जाताना जो वारा समोरून छातीवर येत होता, तोच पूर्वेकडे जाताना पाठीशी उभा राहिला.

या घटनेत भौतिकशास्त्राचा एक उत्तम धडा होता. माध्यमांनी काय उचलले? ‘जगातील सर्वांत लांब विनाथांबा उड्डाणाचा विक्रम!’ हा विक्रम कापलेल्या अंतराचा होता. शहरांमधल्या बृहद्वृत्तीय अंतराचा निकष लावला असता तर त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेला दुबई–ऑकलंड मार्ग, सुमारे 14,200 किलोमीटरचा, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या 12,370 किलोमीटरहून कितीतरी पुढे होता. म्हणजे एक निकष धरला की विक्रम, दुसरा धरला की विक्रम नाही. निकष कोणता, हे सांगण्याची तसदी मथळ्यांनी घेतली नाही. 2021 च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्को–बंगळूरु हे विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणले, तेव्हाही हेच घडले. कोणी 14,000 किलोमीटर लिहिले, कोणी 16,000. पहिला आकडा शहरांमधल्या अंतराचा, दुसरा प्रवासाच्या वाटेचा. त्या चमूचे कौशल्य दोन्ही आकड्यांत तेवढेच मोठे होते. त्याला मथळ्याच्या भेसळीची गरज नव्हती.

वारा हिशेबात घ्यावाच लागतो

वाऱ्याचा हा परिणाम पाहायला महासागर ओलांडण्याची आवश्यकता नाही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, सुमारे बारा किलोमीटर उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण कटिबंधीय जेट प्रवाह असतो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीच्या आसपास उडतात. या प्रवाहात आणि त्याच्या कडेला ताशी दीडशे किलोमीटरचा वारा ही काही नवलाची गोष्ट नाही.

अहमदाबाद–कोलकाता हा मार्ग घ्यावा. अंतर सुमारे 1,620 किलोमीटर. हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी 850 किलोमीटर धरावा आणि पश्चिमेचा वारा ताशी 150. कोलकात्याला जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग होतो 1,000 आणि वेळ लागतो सुमारे 97 मिनिटे. परत येताना वेग उरतो 700 आणि वेळ होतो सुमारे 139 मिनिटे. अंतर तेच, विमान तेच, वैमानिक तोच. फरक 42 मिनिटांचा.

यात विद्यार्थ्यांनी थांबून पाहावे अशी एक मेख आहे. ‘जाताना फायदा, येताना तोटा, हिशेब चुकता’ असे मन सांगते. गणित तसे सांगत नाही. वारा नसता तर जाण्यायेण्याला मिळून सुमारे 229 मिनिटे लागली असती. वाऱ्यात ती 236 होतात. सात मिनिटे गेली कुठे? विमान अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. म्हणून तोट्याचे पारडे नेहमीच जड होते. वारा कोणत्याही दिशेचा असो, तो स्थिर असेल आणि वाट तीच असेल, तर जाऊनयेऊन तो वेळ खातोच. सरासरी वेगाच्या घोकंपट्टीत हरवून जाणारी ही सुंदर गोष्ट एका विमानाच्या तिकिटावर वाचता येते.

पावसाळ्यात चित्र पालटते. पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पीय भारतावर, बऱ्याच वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह प्रस्थापित होतो. या प्रवाहाचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये केले. मान्सूनच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे. म्हणजे ‘अहमदाबाद–कोलकाता: विमानाने इतकी मिनिटे’ हा आकडा जानेवारीत एक आणि जुलैत दुसरा असतो. ऋतूचे नाव न घेता सांगितलेला वेळ हा तारीख न टाकलेल्या पंचांगासारखा आहे.

पृथ्वी फिरते, म्हणून?

वाऱ्याचा विषय निघाला की एक जुना गैरसमज हमखास डोके वर काढतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाचे मुक्कामाचे शहर स्वतःच त्याच्याकडे धावत यायला हवे, असा हा युक्तिवाद. तो मांडणाऱ्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, आणि खाली ‘शास्त्रज्ञ हे लपवतात’ अशा प्रतिक्रिया येतात.

उत्तर सोपे आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. धावपट्टीवर उभे असलेले विमान आणि त्याच्याभोवतीची हवा त्याच वेगाने फिरत असते. विमान उडाले म्हणून तो वेग टाकून देत नाही. तसे असते तर हेलिकॉप्टरने मुंबईवर तासभर एका जागी तरंगावे आणि खाली अरबस्तान आलेले पाहावे! धावत्या रेल्वेच्या डब्यात उडालेली माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, एवढे निरीक्षण या युक्तिवादाला पुरे आहे.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो आडवाटेने येतो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी वरच्या थरातली हवा या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून पश्चिमी जेट प्रवाह घडण्यास हातभार लागतो. तो प्रवाह पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला मदत करतो. म्हणजे परिणाम त्या चित्रफितींत सांगितला जातो त्याच्या अगदी उलट निघाला. अर्धवट तर्क माणसाला अर्ध्या वाटेवर सोडत नाही, तो उलट्या दिशेला नेऊन सोडतो.

डोंगर, प्राणवायू आणि सरहद्दी

वाऱ्यानंतर जमीन. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे साडेचार किलोमीटर आहे. अकरा किलोमीटरवरून उडणाऱ्या विमानाला त्याची अडचण का व्हावी? अडचण उडण्याची नाही, उतरण्याची आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. पठारावर तीन किलोमीटर उंचीवर हवा नसते, खडक असतो. म्हणून बहुतेक विमाने त्या प्रदेशाला वळसा घालतात. नकाशावरची सरळ रेषा माणसाच्या फुफ्फुसांना विचारून काढलेली नसते.

डोंगर निदान प्रामाणिक असतात, जागचे हलत नाहीत. सरहद्दींचे तसे नाही. बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानची हवाई हद्द 2019 च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भारताच्या विमानवाहतुकीला जवळजवळ बंद राहिली. 2025 च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि काही दिवसांतच भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप आणि अमेरिकेकडे जाणारी विमाने अरबी समुद्राकडे उतरून मग पश्चिमेला वळू लागली. काहींना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले. पश्चिमेला बंद हद्द, उत्तरेला हिमालय आणि तिबेट. ताश्कंदची गोष्ट इथे उलगडते. 1,580 किलोमीटर हा आकडा खरा होता. फक्त त्या आकड्याची वाट चालू नव्हती.

आणि परक्या सरहद्दींनाच दोष देऊन चालणार नाही. 16 मे 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले होते की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ 60 टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणे उपलब्ध आहे आणि निर्बंध शिथिल केले तर हवाई वाहतूक क्षेत्राला वर्षाला सुमारे 1,000 कोटी रुपयांचा लाभ होईल. याचा अर्थ असा की देशातल्याच दोन शहरांमधले उड्डाणाचे अंतर काही प्रमाणात शासकीय निर्णयाने ठरते. लष्करी गरजा खऱ्या आहेत, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण कोणत्या मार्गावर किती वळसा पडतो, किती कमी झाला, याची आकडेवारी नागरिकांसमोर सोप्या रूपात मांडली गेली, तर त्या घोषणेचे पुढे काय झाले हे कोणालाही पडताळता येईल. ‘अंतर’ हा न बदलणारा निसर्गदत्त आकडा आहे असे मानणारा नागरिक हा प्रश्न कधी विचारतच नाही. अंधश्रद्धेचा खरा लाभ नेहमी कोणालातरी होत असतो.

घड्याळ कोण सुरू करते?

आता वेळेकडे. मुंबई–दिल्ली 1,140 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 830. उत्तर सुमारे 1 तास 22 मिनिटे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पूर्ण गुण. तिकिटावर मात्र बहुधा दोन ते सव्वादोन तास छापलेले असतात. हा पाऊण तास कशाचा?

विमान जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा वेळापत्रकाचे घड्याळ सुरू होते आणि ते मुक्कामी जागेवर उभे राहते तेव्हा थांबते. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, रांग ठरलेलीच. वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून ईशान्येला दिल्लीकडे निघालेले विमान आधी पश्चिमेला झेपावते आणि मग वळते. सुमारे तीन किलोमीटर उंचीखाली वेगावर ताशी जवळजवळ 460 किलोमीटरची मर्यादा असते. चढायला वेळ, उतरायला वेळ, दिल्लीच्या आकाशात पाळीची प्रतीक्षा. ‘ताशी 830’ हा वेग प्रवासाच्या मधल्या भागातच असतो.

या साऱ्यावर आणखी एक थर असतो आणि तो भौतिकशास्त्राचा नाही. वेळापत्रकात काही मिनिटे राखीव ठेवली जातात. काही प्रमाणात ती आवश्यकच आहेत. गर्दी आणि हवामान यांची तरतूद करावीच लागते. पण वक्तशीरपणा मोजण्याची रूढ पद्धत ही नियोजित वेळेपासून 15 मिनिटांच्या आतले विमान ‘वेळेवर’ धरते. नियोजित वेळच सैल ठेवली की उशिरा पोहोचलेले विमान ‘वेळेवर’ ठरते आणि बरोबर पोहोचलेले ‘वेळेआधी’. मग वैमानिक अभिमानाने तशी घोषणा करतो आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. मोजपट्टी लांबवून उंची कमी भरवण्याचाच हा प्रकार. तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा वेळ आहे असे समजणाऱ्याला हा खेळ दिसू शकत नाही.

‘एवढा कीस कशाला?’

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. सामान्य माणसाला एक आकडा हवा असतो. दिल्लीला जायला किती वेळ लागतो, असे विचारणाऱ्याला जेट प्रवाहावर व्याख्यान कशाला?

आक्षेप अर्धा मान्य. ‘साधारण दोन तास’ हे उत्तर उत्तम आहे, कारण त्यातला ‘साधारण’ हा शब्द प्रामाणिक आहे. आजी विचारते, नातू सांगतो, काम भागते. विरोध अंदाजाला नाही. विरोध अंदाजाला दशांशाचे वस्त्र नेसवून त्याला सत्य म्हणून मिरवण्याला आहे. ‘साधारण दोन तास’ हे वाक्य ‘1 तास 22 मिनिटे 25 सेकंद’ या वाक्यापेक्षा अधिक वैज्ञानिक आहे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही पटवून द्यावे लागते, यातच शिक्षणाचा पराभव आहे.

आणि या आकड्यांचे परिणाम गप्पांपुरते राहत नाहीत. विमानप्रवासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, याचे अंदाज अंतरावरून काढले जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, आपल्या गणनपद्धतीत बृहद्वृत्तीय अंतरात ठरावीक भर घालते: 550 किलोमीटरपेक्षा कमी अंतराला 50 किलोमीटर, 550 ते 5,500 पर्यंत 100 आणि त्यापुढे 125. प्रत्यक्ष वाट सरळ नसते, याची ती कबुली आहे. पण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या 12,370 किलोमीटरच्या अंतरासाठी विमान 15,300 किलोमीटर उडते, तेव्हा 125 किलोमीटरची भर म्हणजे समुद्रात टाकलेली चिमूटभर साखर. त्यावर पाठीशी असलेल्या वाऱ्याने वाचवलेले इंधन वेगळेच. ज्या हिशेबावर उद्या कर, दंड आणि धोरणे उभी राहणार आहेत, त्याचा पाया किती ठोकळ आहे, हे समजणारे तरुण देशाला हवे आहेत. ते पोपटपंचीतून तयार होणार नाहीत.

काय करावे

मागण्या फार नाहीत आणि खर्चिक तर मुळीच नाहीत.

भूगोलाच्या प्रत्येक वर्गात सपाट नकाशाच्या शेजारी पृथ्वीचा गोल असावा आणि वर्षातून एकदा तरी मुलांच्या हाती सुतळी द्यावी. ‘अंतर भागिले वेग’ या गणितांत एक तरी उदाहरण वाऱ्याचे असावे. विमान कंपन्यांनी वेळापत्रकातील वेळेसोबत त्या मार्गावरचा प्रत्यक्ष हवेतला सरासरी वेळ ऋतूनुसार प्रसिद्ध करावा. हवाई हद्दीतील निर्बंध शिथिल झाल्याने कोणत्या मार्गावर किती किलोमीटर वाचले, ते सरकारने दरवर्षी सांगावे. आणि विक्रमाचा मथळा देणाऱ्यांनी त्याच्याखाली निकषाची एक ओळ छापावी.

विद्यार्थ्यांनी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. विमानांचा माग दाखवणारी संकेतस्थळे भ्रमणध्वनीवर उघडतात. अहमदाबाद–कोलकाता मार्गावरचे एकच विमान जानेवारीत दहा दिवस आणि जुलैत दहा दिवस पाहावे, दोन्ही दिशांना. उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ वहीत लिहावी. सरासरी काढावी, फरक मांडावा, त्या दिवसांच्या वरच्या थरातील वाऱ्याशी ताडून पाहावा. चाळीस ओळींची ती वही अनेक छापील विज्ञान प्रकल्पांपेक्षा मोलाची ठरेल, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा आपली अट सोबत घेऊन आलेला असेल.

पुढच्या वेळी कोणी दोन शहरांमधले अंतर आणि विमानाचा वेळ ठणकावून सांगितला की चार प्रश्न विचारावेत: कुठून कुठपर्यंत? कोणत्या वाटेने? कोणत्या वाऱ्यात? आणि घड्याळ कोणी, केव्हा सुरू केले? चारही उत्तरे मिळाली तर तो आकडा वहीत उतरवून घ्यावा. न मिळाली तर तो ज्याचा त्याला परत करावा.